ओव्हनमधली मुरडीची करंजी

माझ्या सासूबाई नागपूरहून येऊन चार महिने आमच्याकडे मल्लेश्वरमला राहिल्या, आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "शुक्रवारचं तिकीट काढून घेतलं मी. आता काही पुन्हा येणं व्हायचं नाही. इथं मन रमत नाही माझं."

मी म्हटलं, "बरं." पुण्याची आहे मी. रडू आलं तरी आधी बरं म्हणते.

खरं सांगायचं तर मला त्या परत यायला हव्या होत्या. आमची रोज एकदा तरी जुंपायची, कधी फोडणीवरून, कधी मी लॅपटॉपसमोर जेवते म्हणून. पण भाजीवाल्याला त्या "अण्णा, स्वल्प कमी करो ना बाप्पा!" असं कन्नड, हिंदी आणि नागपुरी या तीन भाषांत एकदम सुनावायच्या, आणि तो हसत हसत मूठभर कोथिंबीर जास्त टाकायचा. ते ऐकल्याशिवाय माझी सकाळ सुरू होईनाशी झाली होती. पण हे त्यांना तोंडावर सांगायचं? छे! त्यापेक्षा प्रवासासाठी करंज्या करून देणं सोपं.

डॉक्टरांनी त्यांचं तळण बंद केलेलं, म्हणजे ओव्हन आला. आणि ओव्हनच आहे तर सारणही नवं करू म्हटलं. सफरचंदाच्या बारीक फोडी, अक्रोड, बेदाणे, थोडी दालचिनी. कृती मोबाईलवर होतीच. गुरुवारी दुपारी सुट्टी टाकून मी मैद्यात गार लोणी चोळायला घेतलं, तर सासूबाई स्टूल ओढून बसल्याच.

"का करून राहिली?"

"सफरचंदाच्या करंज्या, आई."

"सफरचंदाच्या!" त्या पातेल्यात डोकावल्या. "अन् सारण ओलं? फुटतील, सांगून ठेवते."

तरी बाह्या सरसावून त्या पाऱ्या लाटायला बसल्या. मी सारण भरत होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मी कृतीतली पुढची ओळ मोठ्याने वाचली. वरून काट्याने टोचून भोकं पाडा.

लाटणं थांबलं. "करंजीला भोक?"

मलाही ते पटेना. करंजीला सुईएवढं भोक राहिलं तरी सारण तेलात उतरतं, तेल काळं होतं आणि करणारीची अब्रू जाते, हे आम्हा दोघींना आपापल्या आयांनी लहानपणीच बजावलेलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं, की कृती लिहिणाऱ्याला काडीची अक्कल नाही. आम्ही दुधाचं बोट फिरवून कडा दाबल्या, पुन्हा दाबल्या, आणि ट्रे आत सरकवला.

पंधराव्या मिनिटाला ओव्हनमध्ये फट् झालं. मग आणखी एकदा. वाकून बघितलं तर सफरचंद काचेवरून ओघळत होतं आणि बहुतेक करंज्यांनी आ वासला होता. इथे तेल नव्हतं, वाफ होती, आणि तिला आम्ही जायला वाटच ठेवली नव्हती!

सासूबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की त्यांना स्टुलावरून उतरून खालीच बसावं लागलं. दुसऱ्या घाण्याला त्यांनी स्वतः काटा घेतला आणि तोंड फिरवून एकेकीला टोचलं. "पाप आहे हे," म्हणाल्या. त्या करंज्या मात्र अगदी झकास झाल्या.

त्या हात धुवायला गेल्या तेव्हा एक पारी उरली होती. त्यांच्या घरची रीत मला ठाऊक होती. लेक सासरी निघाली, की डब्यात एक करंजी कातण्याने न कापता हाताने मुरड घातलेली असते, तिने परत माहेरी यावं म्हणून. माझ्या नणंदेला ती दरवेळी मिळायची. मला कोण देणार, मी सून. मुरड मला धड येत नाही, पण घातली. आणि त्या एका करंजीला भोक पाडायला हात काही धजला नाही. अर्थातच ती फुटली. तरी मी ती डब्यात तळाशी ठेवली.

शुक्रवारी निघताना, टॅक्सी खाली उभी असताना, सासूबाईंनी डबा उघडला. "किती दिल्या बघू तरी." आणि थेट तळापर्यंत हात घातला.

"ही का ठेवली?"

"उरली होती," मी लिफ्टच्या बटणाकडे बघत म्हटलं.

"ही लेकीला देतात."

"माहीत आहे."

खालून नवऱ्याचा फोन वाजत होता. सासूबाईंनी ती फुटकी करंजी उलटसुलट करून पाहिली, रुमालात गुंडाळली आणि डब्यात न ठेवता आपल्या पर्समध्ये घातली.

"किती वाईट मुरड घातली वं," त्या म्हणाल्या. "दिवाळीला मी आली की शिकवते."

मला बरं म्हणायचं होतं. पण या वेळी रडू आधी आलं.