मी करून दाखवले नाही

दसऱ्याच्या सकाळी, धुळ्याच्या हायवेलगतच्या आवारात, मालकाने ट्रकच्या इंजिनातून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची सळई, उपसली, तिच्या टोकाचे ऑइल पाहिले आणि ती माझ्या सदऱ्यावर पुसली. डाव्या खांद्यापासून पोटापर्यंत. सावकाश. सदरा पांढरा होता. हत्यारांची पूजा होती म्हणून नवा घातला होता.

"हे नवं ऑइल?" तो म्हणाला. "डबा कुठे विकलास?"

"शेठ, काल दुपारी बदललं. गाडी नरडाण्याला जाऊन आली. डिझेल इंजिनात ऑइल काळं होतंच."

"माझ्या कारमधलं महिनाभर मधासारखं राहतं."

"ती पेट्रोलची आहे."

उत्तर त्याला आवडले नाही. माझ्या सदऱ्याकडे बोट करून तो म्हणाला, "तोंड कशाला पाडतोस? तुम्हा लोकांच्या अंगावर काळं उठून दिसत नाही."

कोणते लोक, हे तो बोलला नाही. आवारात वीस-पंचवीस माणसे होती. एकालाही विचारावे लागले नाही.

मी पन्नाशीचा होतो, तो चाळिशीचा. त्याच्या गाड्यांची इंजिने मी सतरा वर्षे सांभाळत होतो.

एवढे घडले. आता लोकांनी त्याचे काय केले, ते ऐका. मालकाचा मुलगा सांगतो की वडिलांनी सणाच्या दिवशी गमतीने उस्तादला, म्हणजे मला, ऑइलचा टिळा लावला आणि उस्ताद तापट, म्हणून रुसला. टिळा कपाळाला लावतात, हे त्या घरात कोणी शिकवलेले दिसत नाही. हायवेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर ड्रायव्हर सांगतात की मी तिथल्या तिथे दुसऱ्या गाडीत नवे ऑइल ओतून, ते काळे करून दाखवले आणि शेठने हात जोडले. माझा स्वतःचा पुतण्या सांगतो की तो सदरा मी ट्रंकेत जपून ठेवला आहे. तिन्ही खोटे. ड्रायव्हरांचे तर सर्वांत जास्त खोटे, कारण ते माझ्या कौतुकासाठी रचले आहे.

आदल्या दिवशी मी काय केले होते, तेही सांगतो. ऑइल गरम असतानाच खालचा नट खोलला, कारण थंड ऑइल घाण तळाशी सोडून निघते. शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून राहिलो. दोन्ही फिल्टर बदलले. जुना फिल्टर कापून कागदाची घडी न् घडी उलगडली, बेअरिंगचा चुरा आहे का ते पाहायला. नटाला नवा वॉशर घातला. ऑइल भरले, इंजिन चालवले, बंद करून थांबलो, मग पातळी पाहिली. ऑइल मी बोटांत चोळून आणि वास घेऊन ओळखतो. पातळ झाले असेल तर डिझेल उतरले आहे, दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. काळे असेल तर ते काजळी स्वतःत घेत आहे, म्हणजे आपले काम करीत आहे. ज्याच्या मालकीची चाळीस इंजिने होती, त्याला एवढे माहीत नव्हते. रंगाकडे पाहून तो ऑइल ओळखत होता. माणसेही तशीच ओळखत होता.

दसऱ्याच्या सकाळी तो टोमणा ऐकूनही मी जागचा हललो नाही, हे खरे आहे. ते लपवणार नाही. मग अमळनेरचा एक ड्रायव्हर माझ्या भल्यासाठी पुढे आला. म्हणाला, "नाना, बठ्ठासले माहीत शे. एक डाव करी दखाडा, इशय खतम." सगळ्यांना ठाऊकच आहे, एकदा करून दाखवा की विषय मिटला, असे त्याचे म्हणणे.

मालक हसला. "हो, दाखव करून. खरं निघालं तर नवा सदरा माझ्याकडून."

शेजारी दुसरी गाडी उभी होती, तिच्या चाकापाशी ऑइलचा भरलेला डबा. तासाभराचे काम. मी वाकलो. होय, वाकलो. पूजेत मांडलेल्या पान्याला माझा हात लागला. त्यावर माझ्याच हाताने लावलेले कुंकू होते.

तिथे मला कळले. आज मी ऑइलची परीक्षा देईन. उद्या कूलंटची, परवा ग्रीसची. रोज सकाळी मी चोर नाही हे मीच सिद्ध करायचे आणि त्याने मात्र आयुष्यात काहीही शिकायचे नाही. माझे खरे निघाले असते तरी निकाल देणारा तोच राहिला असता.

मी पाना उचलला. तो माझा होता. म्हणालो, "शेठ, ज्याला माहीत नाही त्याने विचारायचं असतं. मी दाखवणार नाही."

"मग चोर ठरशील."

"ठरवा."

ठरलो. दोन महिने धुळ्यात कोणी माझ्या हाती गाडी दिली नाही. पुढे जळगाव जिल्ह्यात, पहूरच्या फाट्यावर, चार पत्र्यांची शेड घातली. तो सदरा फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि वर्षभर त्यांनी डिपस्टिका पुसल्या. चांगले सुती कापड होते. ट्रंकेत ठेवण्याइतकी त्या माणसाची किंमत माझ्या घरात कधीच नव्हती.

आता मालक गेला. मुलाने नवे वर्कशॉप बांधले आहे. इंजिन तपासायला संगणक आहे. उद्‌घाटनाला जुन्या कारागिरांचा सत्कार आहे. त्यांचा मॅनेजर मागच्या आठवड्यात शेडवर पत्रिका घेऊन आला. माझ्या नावाखाली छापले होते: 'मोठ्या साहेबांनी घडवलेले कारागीर'.

"नाना, शाल-श्रीफळ आहे," तो म्हणाला. "फक्त दोन शब्द बोला साहेबांबद्दल."

"कोणते दोन?"

तो हसला. मी हसलो नाही. पत्रिका त्याच्या हातात परत दिली.

मी जाणार नाही. तब्येतीचे कारण सांगणार नाही, कोणी तसे सांगितले तर तेही खोटे समजावे. त्या दिवशी मी पुरावा दिला नाही, आज माफी देणार नाही. मुलाला ऑइल काळे का होते हे खरोखर जाणून घ्यायचे असेल तर त्याने फाट्यावर यावे, ड्रायव्हर बसतात त्या बाकड्यावर बसावे आणि विचारावे. सांगेन.

डिपस्टिक मात्र मी काढीन. त्याने हात लावायचा नाही.