आठ किलो शिसे

कोल्हापूरहून निघताना मुलाने विचारले, "बाबा, आत्याची शर्यत म्हणजे नक्की कसली?" मला धड सांगता आले नाही. पुण्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बडोद्याला उतरलो, तर धाकटी बहीण ज्योती फलाटावर उभी होती. वय सेहेचाळीस, अंगाने काटकुळी. लग्न होऊन दांडिया बाजारात आली त्याला बावीस वर्षे झाली. तिच्या बोलण्यात आता गुजराती सहज मिसळते.

"शांतिथी (सावकाश) चल, दादा. घाई नाही ने."

घरी बॅग टाकून आम्ही मकरपुऱ्याला गेलो. ती ज्या कारखान्यात लेथ चालवते, त्याच्या मागच्या शेडमध्ये तिची शर्यतीची गाडी होती. एकाच माणसापुरती जागा, वर छप्पर नाही, चारही चाके उघडी, पाठीशी मोटारसायकलचे इंजिन. या गटात सगळ्यांची इंजिने सारखी आणि सीलबंद, टायरही तेच. त्यामुळे नोकरदार माणसालाही हा नाद परवडतो.

"इथे पैसेवाला पुढे जात नाही, चालवणारा जातो," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने मला गाडी पुसायला बसवले. सीटखालची धूळ काढताना एक जड पट्टी आड येत होती. दोन बोल्ट काढून ती मी बाजूच्या फळीवर ठेवली. तेवढ्यात मेहुणे नितीनराव सेव-उसळ घेऊन आले. लालभडक तरी, वर मूठभर शेव, सोबत पाव. खाण्याच्या नादात पट्टी राहिली ती राहिलीच. हात धुऊन मी सीट जागेवर बसवून टाकली.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या छोट्या ट्रॅकवर अठरा गाड्या जमल्या. एक शर्यत सकाळी, एक दुपारी. सकाळची ज्योतीने जिंकली. पाच वर्षांत पहिल्यांदाच. हेल्मेट काढून ती माझा हात धरून उभी राहिली.

दुसरे आलेले भावेशभाईही तिच्यासारखेच सडपातळ. चहाला त्यांच्या तंबूत गेलो, तर त्यांच्या सीटखाली तसलीच पट्टी दिसली. हे काय म्हणून विचारले.

"सीसा है, भाईसाब. आठ किलो. हम दुबले लोग, तो वजन पूरा करना पड़ता है ने. सबका सरखा (सारखे) होना चाहिए."

ज्योतीची पट्टी काल मीच काढून फळीवर ठेवली होती. शर्यतीनंतर चिठ्ठ्या टाकून तीनच गाड्यांचे वजन केले होते आणि त्यांत ज्योतीची नव्हती. कुणाला कळण्याचे कारण नव्हते. तिथेच उभा राहून मी तो चहा संपवला, आणखी एक घेतला, तोही संपवला. मग तिच्याकडे गेलो.

तिने सगळे ऐकून घेतले. सीट उचलून खाली पाहिले.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"बसायच्या आधी बघायचं काम माझं होतं, दादा."

ती तपासनिसांच्या खोलीकडे गेली आणि बऱ्याच वेळाने परतली. सकाळच्या निकालातून तिचे नाव काढले होते. दुपारी सर्वांत मागून सुटायचे होते. नितीनराव स्कूटरवरून जाऊन पट्टी घेऊन आले. पहिला नंबर आता भावेशभाईंचा झाला होता. ते पाना घेऊन आले आणि त्यांनी स्वतः बोल्ट आवळून दिले.

दुपारी ज्योती सातवी आली. अकरा गाड्या तिने मागे टाकल्या. माझा आवाज बसला.

परतताना ती स्टेशनवर आली. गाडी लागल्यावर मी तिला सांगून टाकले, "कळल्यावर लगेच नाही आलो मी तुझ्याकडे. दोन कप चहा होईपर्यंत गप्प राहिलो."

"मी तपासनिसांच्या खोलीच्या दारातून दोनदा परत फिरले," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आत गेले."

भरूच येईपर्यंत मी खिडकीशी बसून होतो. आमची ज्योती कशालाच घाबरत नाही, असे मी आजवर सगळ्यांना कौतुकाने सांगत आलो. आता तसे सांगणार नाही. ती घाबरते आणि तरीही आत जाते, हे मुलाला सांगायचे मी ठरवले.