राखणदाराकडे ठेवलेला नारळ

गोव्यातल्या साखळी गावच्या बसस्टँडवर देवकीबाय दिसली की कंडक्टर हमखास विचारायचा, "आज खंयच्या मेल्ल्या मनशाक सोधूक चल्ल्यात?" ती हसायची आणि खिडकीजवळची जागा पकडायची. बाईचा उद्योगच तसा होता. वाचनालयातली नोकरी संपल्यावर माणसे नातवंडे खेळवतात; ही जुन्या खुनांच्या मागे लागली. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांनी एके काळी हक्क मागितला, तेव्हा मागणारी काही माणसे मेली आणि पोलीस फायलींवर 'अपघात' लिहून मोकळे झाले. त्या माणसांवर देवकीबाय पुस्तक लिहीत होती. ना प्रकाशक, ना पगार, आणि घरच्यांचा वैताग तेवढा भरपूर.

तीन वर्षांपूर्वी कारापूरची शांता तिच्या दारात आली. शांतेचा बाप सदाशिव तुये गावचा, मुंडकारांना गोळा करणारा. १९७४ साली तो विहिरीत सापडला. दारूच्या नशेत पडला, असा पंचनामा झाला. शांता तेव्हा नऊ वर्षांची. शाळेत, पाणवठ्यावर, पुढे सासरीसुद्धा तिला 'दारुड्याचा चेडू' हेच ऐकावे लागले. "कोणी मारल्यानी ता कळाक नाय तरी चलात," ती म्हणाली, "पण बापूस पियलेलो होतो काय, इतक्याच माका सांग." देवकीबायने दुसऱ्याच दिवशी तुयेची बस धरली.

सदाशिवच्या शेजारची गंगा अजून तुयेला होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. देवकीबाय पहिल्याच भेटीत रेकॉर्डर आणि सहीचा कागद घेऊन गेली. तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. मुंडकाराच्या घरात कागदावर अंगठा म्हणजे घरावर पाणी सोडणे. सगळ्या आयुष्याने गंगाला एवढे तरी शिकवले होते. "कागद नको गे बाय, च्या घे," ती म्हणाली आणि पुढची तीन वर्षे तिने चहा, उंडे पाव, सुनेच्या तक्रारी सगळे दिले. सदाशिव मात्र दिला नाही. देवकीबायही हट्टी. कागद पिशवीच्या तळाशी दडपला, रेकॉर्डर घरी ठेवला, पण जाणे सोडले नाही.

यंदा गंगा आजारातून उठली ती अर्धीच. देवकीबाय उशाशी बसली होती, तेव्हा तीच म्हणाली, "माका सांगूक येवचा नाय. माझ्या घोवान राखणदाराकडे नारळ ठेयलेलो आसा. आमच्या घरातला कोण बोलाचा नाय म्हणान."

देवकीबायने कपाळावर हात मारला. पन्नास वर्षांचे गुपित, गावाची राखण करणाऱ्या देवापुढे ठेवलेल्या एका नारळाखाली! देवळाची पायरी न चढणारी बाई ती. दुसरे कोणी असते तर तिने सुनावले असते. पण म्हातारीची भीती खरी होती आणि दिवस थोडे होते. ती निमूट देवाला गाऱ्हाणे घालणाऱ्या गावच्या घाड्याकडे, गोकुळदासकडे गेली. त्याने ऐकून घेतले आणि सांगितले, "नारळ सोडवूक येता. पण जिचो बापूस गेलो, तिनाच मागूक व्हया."

रविवारी सकाळी शांता नारळ आणि पिंजरीचे म्हणजे लाल कुंकवाचे ताट घेऊन आली. गंगाला खुर्चीत बसवून राखणदाराच्या घुमटीपाशी नेले. गोकुळदासने गाऱ्हाणे घातले: हिच्या गेलेल्या नवऱ्याने बांधलेली जीभ, बा राखणदारा, आज मोकळी कर, आणि मागणाऱ्या लेकीला सांभाळ. "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. देवकीबायही म्हणाली, तीही चांगली मोठ्याने.

गंगाने डोळे पुसले. "पियलेलो नव्हतो गे. दिवेलागणीच्या अर्धो तास आदी आमच्याच पडवेत च्या पिऊन गेल्लो. मगे दिवेलागणीक धावत परत इलो. पाठसून भाटकाराचे तीन गडी. दार ठोकल्यान. 'गंगावयनी, उघड,' म्हणालो. घोवान माझो हात धरल्यान. दार उघडलंस तर उद्या ह्या घर ऱ्हवाचा नाय, म्हणालो." ती शांतेकडे वळली. "आमी उघडूक नाय."

म्हणजे नारळ भाटकाराच्या धाकाने नव्हता ठेवलेला. तो त्या बंद दारासाठी होता. देवकीबायला शांतेकडे बघवेना. इतकी वर्षे ती मारेकऱ्यांची नावे शोधत होती आणि आज तिला या म्हातारीचीच कणव येत होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "सदाशिव प्यालेला नव्हता, एवढंच लिहिते. दाराचं नको."

"दाराचा पण लिव," गंगा म्हणाली. "माझा नाव घालून लिव. हाड तुझो तो कागद."

देवकीबायने पिशवीच्या तळातून चुरगळलेला कागद काढला, मांडीवर सारखा केला आणि ऐकले तसे सगळे लिहून वाचून दाखवले. अंगठ्याला लावायची शाई मात्र कोणाकडेच नव्हती. गंगाने उजवा अंगठा तसाच पुढे धरून ठेवला.

शांता उठली. तिने ताटातली पिंजर चार थेंब पाण्यात कालवली, गंगाच्या अंगठ्याला लावली आणि तो अंगठा आपल्या हातात धरून कागदावर टेकवला.