मोठीमायचं रुंद दारांचं घर

कोणाच्याही घरी गेली की मोठीमाय आधी माणसांकडे नाही, दाराकडे बघायची. चौकटीला हाताची वीत लावायची, उरलेली जागा बोटांनी मोजायची आणि मगच आत पाऊल टाकायची. लग्नघर असो, मयतीचं घर असो, तालुक्याचा दवाखाना असो, वीत चुकत नसे. लोक चेष्टा करत, "मोठीमाय, दार विकत घेता का?" ती हसून म्हणायची, "दार अरुंद त घर कायचं बापा? तो त डबा झाला."

ती माझ्या आईची थोरली बहीण. आमच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला मोठीमाय म्हणतात. पण तिला पुढे सगळं अर्जुनी मोरगावच मोठीमाय म्हणू लागलं. तिला एकच मूल, नंदा. लहानपणी आलेल्या एका तापात नंदाचे पाय गेले, ते गेलेच. ती चाकाच्या खुर्चीवर असते. साड्यांना फॉल-पिको करून देते, मशीन हातानं चालवते, आणि जीभ आईसारखीच तिखट आहे.

तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, रेल्वेत गँगमन होते. ते होते तोवर रेल्वेचं क्वार्टर होतं, जमिनीलगत, एका फरशीच्या उंबरठ्याचं. नंदा आपली आपण अंगणात यायची, मालगाड्या बघायची. ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं आणि मायलेकी भाड्याच्या खोलीत आल्या. त्या खोलीला बाहेर तीन पायऱ्या, आत उंच उंबरठा, आणि संडास मागच्या बाजूला. तिथं गेल्यावर मी जेव्हा जेव्हा त्यांच्याकडे राहिले, दिवसभर एकच वाक्य ऐकलं, "थांब, उचलते." नंदा तेव्हा तिशी ओलांडलेली बाई होती आणि मोठीमाय साठीला आलेली होती.

म्हणून घर बांधायचं होतं. मोठ्या बाबांनी गावाबाहेर, बोडीच्या काठाला प्लॉट घेऊन ठेवला होता. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं. मोठीमायला घरात काय हवं, हे विचारलं तर ती हॉल, किचन असलं काही सांगत नसे. म्हणायची, "माही पोरगी संडासले जाताना कोनाले हाक मारनार नाई, असं घर पाह्यजे."

तिचं एक तत्त्व होतं. हाताला पैसे द्यायचे, तोंडाला नाही. मिस्त्री, सुतार, न्हावी, सुईण यांच्याशी तिनं कधी घासाघीस केली नाही. पण नुसतं बोलून पैसे घेणारा माणूस तिला चोर वाटे. गोळी न देता सल्ला देणारे डॉक्टर, वकील, हात बघणारे, सगळे एका रांगेत.

तरीही मी तिला गोंदियात एका आर्किटेक्टकडे घेऊन गेले. तरुण मुलगा, वागायला चांगला. त्यानं कॉम्प्युटरवर रंगीत बंगले दाखवले. "आंटी, ये देखिए, अटैच बाथरूम." मोठीमायनं खुर्चीचं सांगितलं. तो विचारात पडला आणि म्हणाला, "व्हीलचेअर के लिए सब अलग से डिजाइन करना पड़ेगा. उसकी फीस थोड़ी ज़्यादा होगी."

मोठीमाय उठली. तडक जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "माही पोरगी चालत नाई म्हनून जास्त पैसे?"

"तसं नाही गं, त्याला काम जास्त पडेल."

"कागदावर लकीर मारायचं काम. लकीर मलेबी मारता येते."

परतीच्या गाडीत तिनं डबा उघडला, मला पोळी दिली आणि खिडकीकडे तोंड करून बसून राहिली. तिच्या रागात कंजूषपणा नव्हता. कोणीतरी नंदाला ज्यादा खर्चाचं काम म्हटलं होतं, हे तिला सहन झालं नव्हतं. फीचा वाचलेला पैसा तिनं पुढे खिडक्यांच्या चांगल्या लाकडात घातला.

धान कापून झाल्यावर प्लॉटवरची जमीन टणक झाली. मोठीमायनं चुन्याची फक्की आणली आणि वाकून वाकून अख्खं घर जमिनीवर आखलं, खऱ्या मापाचं. इथं बसायची खोली, इथं स्वयंपाक, ही नंदाची खोली, हा बोळ, बोळातून वळलं की संडास-बाथरूम. दारांच्या जागी रेघ सोडली होती आणि प्रत्येक दाराला वीत लावून पाहिलं होतं. मग नंदाला खुर्चीसकट आणलं.

ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. नंदा या खोलीतून त्या खोलीत फिरली. बोळात गेली, वळली, बाथरूममध्ये शिरली, परत आली. कोणी हात लावला नाही. शेजारच्या बाया चहा घेऊन आल्या तर नंदानं ओरडून सांगितलं, "वो काकू, भिंतीतून कायले येता? दार तिकडे आहे!" बाया खरंच फिरून दारातून आल्या. मोठीमाय तिच्या न झालेल्या स्वयंपाकघरात मातीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावून हसत राहिली.

मिस्त्री चैतराम कामाला चोख होता. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "मोठीमाय, हे लाइन भिंतीच्या आतली का मधली?"

"लाइन म्हंजे लाइन. लाइनीवर भिंत आली पाह्यजे."

त्यानं लाइनीवर भिंत घेतली. नऊ इंची भिंत, दोन्ही अंगांनी प्लास्टर, बाथरूममध्ये वरून टाइल्स. बोडीचं पाणी पावसाळ्यात चढतं म्हणून त्यानं जोतंही उंच घेतलं, आणि रस्ता जवळ असल्यामुळे खुर्चीसाठीचा उतार आखूड झाला, तीव्र झाला. मोठीमाय रोज जाऊन विटांवर पाणी मारायची. दारं तिच्या मापाची बसत होती. तेवढंच ती बघत होती.

वास्तूच्या दिवशी आम्ही सगळे होतो. दाराला आंब्याचं तोरण होतं. उतारावरून नंदाला दोघांनी ढकलत वर आणलं, तेव्हा मोठीमाय म्हणाली, "एवढं चालते, सवय होईन." रुंद दारातून नंदा आत गेली. टाळ्या वाजल्या. ती बसायच्या खोलीतून स्वतःच्या खोलीत गेली, खिडकीतून बोडीकडे बघून आली, आणि मग बोळात शिरली.

बोळात खुर्ची वळेना. बाथरूमचं दार समोर, चांगलं रुंद. पण दाराकडे वळायला जागाच नव्हती. फक्कीच्या रेघेवरून तिची चाकं सहज गेली होती. आता दोन्हीकडून भिंती आत आल्या होत्या. पाय ठेवायची पट्टी भिंतीला अडली. नंदानं खुर्ची मागे घेतली, तिरपी केली, पुन्हा पुढे नेली. नव्या रंगावर काळा ओरखडा उठला. तिनं आणखी एकदा करून पाहिलं. बोळाच्या तोंडाशी आम्ही ताटं घेऊन उभे होतो.

मोठीमाय पुढे झाली. "थांब," म्हणाली, "उचलते."

नंदा मोठ्यानं हसली. "माय, घर त मस्त झालं वो," ती म्हणाली. मोठीमायनं तिला उचललं.

पाहुणे गेल्यावर मोठीमायनं चैतरामला ओढतच आणलं. "हे भिंत पाड." त्यानं भिंतीवर हात ठेवून मान हलवली. "मोठीमाय, स्लॅब हिच्यावरच बसली आहे. पाडली त वरचं सगळं खाली येते." ती त्याला रागावली नाही. बोळात उभी राहून तिनं विचारलं, "लकीरले जाडी नसते, हे मले काऊन समजलं नाई गा?" चैतराम खाली बघत म्हणाला, "मी विचारलं होतं मोठीमाय." ती म्हणाली, "हो. तू विचारलं होतं."

त्यानंतर तिनं दारांना वीत लावणं सोडलं. त्याऐवजी गावात कोणी पाया खणताना दिसला की ती थांबून घरमालकाला विचारायची, "नकाशा काढला का? कोनाकून काढला? पैसे दे बापा, तोंडाले पैसे दे." लोकांना गंमत वाटायची. दोघातिघांनी तिचं ऐकलंही. त्यांची घरं चांगली झाली. त्या घरांच्या वास्तूला ती जायची, जेवायची, आणि कधी कोणत्या घराचं वाईट बोलली नाही. मी एकदा म्हणाले की बाथरूमसाठी बाहेरून दुसरं दार काढू. ती म्हणाली, "आता राहू दे. पैसाबी गेला, जीवबी गेला." घराबद्दल त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही.

चार पावसाळे ती नंदाला उचलत राहिली. मग एका सकाळी ओल्या टाइल्सवर तिचा पाय सरकला आणि दोघी पडल्या. नंदा वाचली, कारण मोठीमाय तिच्या खाली आली. नंदाच्या हाकांनी शेजारच्या काकू धावत आल्या. मोठीमायचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात तिला नेलं, ऑपरेशन झालं, पण ती उठली नाही. खाटेवरून ती नंदाला फक्त विचारायची, "तुले कोन उचलून राहिलं?" दिवाळीच्या आधी ती गेली. मी तिच्या उशाशी होते. तिच्या चेहऱ्यावर शांती वगैरे काही नव्हती. काळजीच होती.

नंदा आता माझ्याकडे असते, गोंदियात. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. ती महिन्या-दोन महिन्यांतून एकदा खाली उतरते, तीही दोन माणसं मिळाली तर. खिडकीपाशी मशीन आहे. नवीन घर शोधू म्हटलं की ती म्हणते, "कायले? तिथंबी कोनी लकीर मारलीच असंन."

अर्जुनीचं घर एका खत-बियाण्याच्या व्यापाऱ्यानं गोदामासाठी भाड्यानं घेतलं. मागच्या महिन्यात करार पुढे वाढवायच्या सहीसाठी नंदाला घेऊन गेले. दर्शनी खिडकीच्या जागी शटर आलं होतं. हमालांनी तिची खुर्ची उतारावरून सहज वर चढवली. आत आतल्या भिंतीच नव्हत्या. व्यापाऱ्यानं लोखंडी गर्डर टाकून स्लॅब पेलली होती आणि सगळं घर एक केलं होतं. कोणत्या मिस्त्रीनं केलं, किती दिवस लागले, हे तो उत्साहानं सांगत होता. मी ऐकत नव्हते. मी नंदाकडे बघत होते.

ती पोत्यांच्या दोन थप्प्यांमधून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं तिनं खुर्ची गोल फिरवली, एकाच जागी, पूर्ण. कुठंही अडली नाही. मग तशीच भिंतीला पाठ लावून थांबली. बाहेर ट्रक लागला होता. दोन हमाल खांद्यावर पोती घेऊन शटरपाशी ताटकळत उभे होते.

"चल," नंदा मला म्हणाली, "त्यायच्या वाटेत आहो आपन."