तुळशीला दिलेला अमोनाइट

माझ्याकडचा सर्वांत चांगला अमोनाइट मी माझ्या हाताने मैत्रिणीला दिला, तोही जुन्या ओढणीत नीट गुंडाळून. याला अक्कल गहाण ठेवणं म्हणतात.

आम्ही दोघी डहाणूच्या एकाच शाळेत. मी विज्ञान शिकवते, ती भूगोल. इथे जिकडेतिकडे लाव्ह्याचा काळा खडक, त्यात समुद्रातल्या जिवाचा जीवाश्म कुठून सापडणार? म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही कच्छला जायचो. शोधायला तिची नजर पक्की, मला मात्र दगडाच्या आत काय आहे त्याचीच ओढ. अमोनाइट म्हणजे चिंचणीच्या मासळीबाजारात मिळणाऱ्या माकुळाचा लांबचा भाऊबंद, फक्त गुंडाळलेल्या शंखात राहणारा. जसजसा वाढेल तसतसा पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालायचा. राहायचा तो सगळ्यांत बाहेरच्या, शेवटच्या कप्प्यात. हा शेवटचा कप्पा बहुतेक दगडांत तुटलेला असतो. माझ्या त्या दगडात तो अखंड होता.

तो फरशी कापायच्या मशीनवर मधोमध कापून आतल्या भिंती बघायच्या, आणि दोघींनी मिळूनच बघायच्या, असं ठरलं होतं. तिला सवड होईना म्हणून मी वर्षभर थांबले.

कार्तिकात ती म्हणाली, कैनाडला सासरी तुळशीचं लग्न आहे, घरातला शाळिग्राम हरवलाय, सासूबाई जिवाला लावून घेतायत. शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटच, तेव्हा नवरदेव म्हणून तुझा दे. मी दिला. लग्नाला गेले, अक्षताही टाकल्या. झेंडूच्या ढिगाखाली नवरदेव दिसत नव्हता. आठवड्याने मी तो परत मागितला.

"तुळशीशी लग्न लागलेला दगड कापायला कसा देऊ?" ती म्हणाली. "सासूबाई घरात घेणार नाहीत मला."

म्हाताऱ्या बाईच्या श्रद्धेपुढे माझं कुतूहल काय मोठं, म्हणून मी तो विषय सोडला. स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे तळासरीला शिक्षकांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. तिच्या टेबलावर माझा अमोनाइट होता. मधोमध कापलेला, आरशासारखा घासलेला. खाली पाटी: संग्रह आणि अभ्यास, पुढे फक्त तिचं नाव. आतल्या भिंती मी पहिल्यांदा पाहिल्या त्या अशा, माणसांच्या गर्दीत, मागून मान उंचावून.

मला बघून ती जराही गडबडली नाही. तुळशीला मी दुसराच गोटा ठेवला होता गं, म्हणाली, हा कधीतरी कापायचाच होता ना. म्हणजे सासूबाईंनाही तिने फसवलं होतं.

तेवढ्यात परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले. तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "प्राणी नेमका कुठल्या कप्प्यात राहायचा गं?"

मी अगदी मधल्या, सगळ्यांत लहान कप्प्यावर बोट ठेवलं. "इथे," म्हटलं.

इतकी वर्षं शिकवतेय, पण जाणूनबुजून चुकीचं असं तेवढं एकच शिकवलं. त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.