पाच पाकळ्यांचं सोपं फूल

अर्धांगाच्या झटक्यानं माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात नेला आणि सगळे शब्द नेले. एक शब्द तेवढा मागं ठेवला: ‘ठीक’. दादा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. हा शब्द त्यानं आयुष्यभर वरिष्ठांसमोर वापरला असणार, आणि मनात बहुतेक वेळा दुसरंच काही असणार. आता पाणी हवं असलं तरी ठीक, नको असलं तरी ठीक. दुखलं तरी ठीक.

मलकापूरच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा मी सांगलीहून बॅग घेऊन गेले. आमचं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या बाजूला. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली बाई. आजारी माणसाच्या घरी अशा बाईचा उपयोग एवढाच, की औषधांच्या चिठ्ठ्या ती न अडखळता वाचते. बाकी सगळं वहिनी करत होत्या.

भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, पुण्याहून रजा काढून आला होता. त्याची रजा रविवारी संपत होती आणि रविवारीच गाडी येणार होती. पुण्यात अशा रुग्णांना ठेवून घेणारं एक केंद्र आहे, तिथं तो दादाला नेणार होता. मुदत ठरलेली नव्हती. वहिनींनी घर आणि म्हसरं बघायची, आणि महिन्याकाठी पुण्याला जाऊन यायचं.

“तुझ्या आबांना विचारलंस का?” मी म्हटलं.

“विचारलं की. ठीक म्हणाले.”

मी दादाच्या खाटेजवळ गेले. “दादा, म्हैस विकायची का रे?”

“ठीक.”

“मग नको विकायला?”

“ठीक.”

“मी या घरातली सगळ्यात मूर्ख बाई आहे, बरोबर?”

“ठीक.”

“हे मातूर खरं बोलले,” वहिनी दारातून म्हणाल्या.

भाचा हसला नाही. तो वाईट मुलगा नाही. बापाची दाढी तोच करत होता. “आत्या, डॉक्टर म्हणाले की त्यांना किती समजतंय ते सांगता येत नाही. समजत असतं तर मी नेलंच नसतं. पण आई एकटी. हे रात्रीबेरात्री उठून पडले, तर कुणाला सांगणार? काय सांगणार?” दादाला सगळं समजतंय ही माझी नुसती शंका होती, आणि शंकेच्या जोरावर गाडी परत पाठवता येत नाही.

दवाखान्यात वाचेचे उपचार करणाऱ्या मुलीनं निघताना एक काम दिलं होतं. डाव्या हातानं चित्रं काढायला लावा. अवघड नको, फुलं, पानं, वेल असलं. बोलायची वाट बंद झाली की कधीकधी दुसरी वाट उघडते म्हणाली. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओही पाठवला होता: अगदी नवशिक्यांसाठी सोपी फुलं.

त्यातली शिक्षिका अतिशय प्रसन्न होती. “तुमच्या आत एक कलाकार झोपलेला आहे,” ती म्हणायची, “त्याला हळूच उठवू या.” आमच्या घराण्यात हा कलाकार झोपला नव्हता, तो जन्मालाच आला नव्हता. पुढं ती म्हणायची, “इथं चूक असं काही नसतंच.” शाळेत आमचं जे जे होतं ते सगळं चूकच होतं आणि दादाचं फौजेत तर त्याहून जास्त, त्यामुळं या वाक्यावर आम्हा भावंडांचा विश्वास बसणं कठीण होतं.

वहिनींना सगळाच प्रकार अपमानाचा वाटला. “ह्या हातात बंदूक हुती, वन्सं. आता द्या खडू, घाला बालवाडीत.” आम्ही कागद घेऊन बसलो की त्या गोठ्यात निघून जायच्या. त्या कागदांकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. पुढच्या बाजूला आशीर्वादासाठी आमदारांपासून सोसायटीच्या संचालकांपर्यंत सगळ्यांची नावं, ठळक टाईपात. मागची बाजू कोरी. पत्रिकेचा हाच भाग वाचनीय असतो असं माझं जुनं मत आहे.

दादा पेन्सिल हातात घेईना. म्हणून मीच सुरुवात केली. आधी मधोमध छोटा गोल. त्याच्याभोवती पाच पाकळ्या. प्रत्येक पाकळी गोलापासून निघते, वळसा घालते आणि परत गोलाला चिकटते. खाली किंचित वाकडी रेघ, तो देठ. सरळ रेघ काढायची नाही, सरळ काढली की फुलाची काठी होते. देठाला दोन्ही अंगांना डोळ्याच्या आकाराची दोन पानं, पानाच्या पोटात एक शीर. एवढं सोपं फूल मी काढलं आणि ते टेबलफॅनसारखं दिसलं.

दादानं ते बघितलं. तोंडाची चांगली बाजू जराशी हलली. मग त्यानं डावा हात पुढं केला.

पहिल्या दिवशी त्याचा गोल बटाट्यासारखा आला. पाकळ्या तीनच झाल्या, त्यातली एक गोलापासून सुटून दूर गेली. दुसऱ्या दिवशी मी पुढचा धडा लावला: पाण्याचा पेला काढा, त्याच्या कडेला तीन दाते काढा, झालं कळीचं फूल. गवत काढायचं तर एकाच बुडातून तीन पाती, तीन दिशांना. पाणी दाखवायचं तर खाली दोन नागमोडी रेघा. दादानं यातलं काहीच काढलं नाही. त्यानं एक लांब उभी रेघ काढली, तिच्या शेजारी दुसरी. दोन्हींच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर आडव्या रेघा मारल्या. आणि वरच्या टोकाला बारीक बारीक केसांसारख्या रेघांचा झुबका.

“हे कसलं फूल, दादा?”

“ठीक,” तो म्हणाला, आणि कागदावर पेन्सिल आपटली.

“छान आहे. आता त्याला पाकळ्या काढू.”

“ठीक!” या खेपेला तो ओरडला. पेन्सिलचं टोक मोडलं.

मी टोक करून दिलं. त्यानं तेच परत काढलं. दुसऱ्या पत्रिकेवर, तिसऱ्या पत्रिकेवर, वर झुबका, मध्ये शिडीसारख्या रेघा. मी मान वाकडी करकरून बघत होते. झाडू? मोरपीस? फौजेतलं एखादं रॉकेट? मी ‘वा’ म्हटलं की त्याच्या कपाळाची शीर फुगायची. भाच्यानं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि खाली ठेवला.

“आत्या, नुसत्या रेघा आहेत गं.”

त्याच्या आवाजात समाधान नव्हतं. आपलं बरोबर निघू नये असंच त्याला वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

शुक्रवारी गावातले निवृत्त हेडमास्तर आले. यांना गावात कुणी पास झालं, कुणी नापास होऊन पुन्हा पास झालं, तरी शाल-नारळ घेऊन उभं राहायची सवय. त्यांनी पत्रिका उचलली. “व्वा! कमळ! सुभेदार, साक्षात कमळ!” मग दादाच्या छातीवर पत्रिका धरून फोटो काढला. माझ्यासमोरच तो गावाच्या ग्रुपवर गेला: ‘जिद्दीला सलाम’. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. पत्रिकेची पुढची बाजू फोटोत आली असती तर निदान नवरानवरीची तरी प्रसिद्धी झाली असती.

“रविवारी जाण्याआधी निरोपाचा एक छोटासा कार्यक्रम घेऊ,” हेडमास्तर म्हणाले. “सुभेदार, चालेल ना?”

“ठीक,” दादा म्हणाला, आणि हातातली पत्रिका एका हातानं आणि दातांनी फाडली.

“भावना अनावर झाल्या,” हेडमास्तरांनी मला समजावलं.

शनिवारी सकाळी भाचा बॅग भरत होता. दादाचे सदरे, टॉवेल, कानटोपी. दादा खाटेवर बसून त्या बॅगेकडं बघत होता, आणि त्याचा डावा हात पांघरुणावर त्याच त्या रेघा काढत होता, पेन्सिलशिवाय. मला ते बघवेना. शिराळ्याहून गोळ्या आणायच्या होत्या, ते निमित्त करून मी शेजारच्या मुलीच्या स्कूटीवर मागं बसले.

गावाबाहेर रस्त्याला आमचं ओढ्याकाठचं शेत लागतं. हंगाम चालू होता. आजूबाजूच्या सगळ्यांचा ऊस तुटून गेला होता, पाचट पेटवून रानं काळी झाली होती. मधोमध आमचाच ऊस तेवढा उभा. आणि त्याच्या सगळ्या शेंड्यांवर, वाऱ्यात एका बाजूला कललेला, करडा-पांढरा तुरा.

मी त्या पोरीला गाडी थांबवायला सांगितली.

उसाला फूल येतं असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. तुरा येतो. फूल म्हणजे शोभेचं, देवाचं, डोक्यात माळायचं. तुरा म्हणजे आता थांबू नका. ऊस आतून पोकळ पडायला लागलाय, हलका होत चाललाय, तोडा. आम्ही दादाकडं रोज फूल मागत होतो, म्हणून तो जे काही काढेल त्यात आम्ही पाकळ्या शोधत होतो. मलकापूरहून याच रस्त्यानं येताना तो गाडीत खिडकीकडं बसला होता. त्यानं हे बघितलं होतं. ऊसतोडीची टोळी येऊन पुढं गेली, तेव्हा आमच्या घरचं माणूस दवाखान्यात होतं, टोळीला अडवून सांगणारं कुणी नव्हतं. आणि घरी आल्यापासून तो एकच गोष्ट सांगत होता, आणि आम्ही ‘छान’ म्हणत होतो.

गोळ्या न आणताच मी परत फिरले.

“तुरा,” मी भाच्याला म्हटलं. “आबा तुरा काढतायत. ओढ्याकाठचा ऊस तसाच उभा आहे.”

त्यानं बॅगेची चेन अर्धी लावलेली होती. कागद घेऊन तो खिडकीपाशी गेला. “असेल,” तो हळूच म्हणाला. “नसेलही. आत्या, आता तू त्यांना विचारशील आणि ते ठीक म्हणतील. ते काहीही विचारलं तरी ठीकच म्हणतात.”

त्याचं बरोबर होतं, आणि तीच माझी पंचाईत होती. होकाराला किंमत उरली नव्हती. मला दादाचा नकार हवा होता, आणि तो शब्द तर त्याच्याकडं नव्हता.

मी खाटेवर त्याच्या शेजारी बसले. एक पत्रिका घेतली. दोन उभ्या रेघा काढल्या, त्यांच्यात पेरांच्या आडव्या रेघा, खाली बुडाशी थोडं गवत. आणि उसाच्या शेंड्यावर, अगदी शिकवल्याप्रमाणं, छोटा गोल आणि पाच पाकळ्या. माझं आजवरचं सगळ्यात नीट जमलेलं फूल.

“दादा, आपला ऊस. बरोबर ना?”

दादानं कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं. असं त्यानं माझ्याकडं लहानपणी बघितलं असेल, मी बैलाला गाढव म्हटल्यावर. “ठीक,” तो म्हणाला, माझ्या हातातून पेन्सिल हिसकावली आणि त्या पाच पाकळ्यांवर काट मारली. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. शेजारी झुबका काढला.

वहिनी दारात उभ्या होत्या, हाताला शेणाचा वास, आणि पहिल्यांदाच कागदाकडं बघत होत्या.

“तुराच की,” त्या म्हणाल्या. “कवाधरनं सांगत्यात व्हय हे?” आणि पदर तोंडाला लावला. मग लगेच रागावल्या. “आवं, मला दावायचं की! ह्यास्नी काय कळतंय, पुस्तकं वाचणाऱ्यांस्नी!”

भाचा खाली बसला, बापाच्या गुडघ्यांपाशी. “आबा, मळ्यातला का ओढ्याकाठचा?” त्याला ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तो मुद्दाम विचारत होता.

दादानं बराच वेळ घेतला. पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. मला वाटलं, संपलं. मग उसाच्या बुडाशी त्यानं एक नागमोडी रेघ काढली. तिच्याखाली दुसरी.

भाचा उठला, अंगणात गेला आणि टोळीच्या मुकादमाला फोन लावला. मुकादम बघतो म्हणाला. मुकादमाच्या ‘बघतो’ला काही दादाच्या ‘ठीक’पेक्षा जास्त अर्थ नसतो, पण भाचा त्याच्याशी खूप वेळ भांडत राहिला, आणि वहिनींना ते ऐकायला बरं वाटत असावं, कारण त्या दारातून हलल्या नाहीत.

आत आल्यावर तो परत बापासमोर बसला. नवी पत्रिका घेतली. त्यालाही चित्र काढता येत नाही, हे घराण्यातच आहे. त्यानं एक चौकोन काढला, खाली दोन चाकं.

“आबा, उद्याची गाडी. पुणं. जायचं?”

“ठीक,” दादा म्हणाला. आणि गाडीवर काट मारली.

रविवारी सकाळी हेडमास्तर शाल-नारळ घेऊन आले. बेत बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही भाषण वाया जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. झुंज, तेज, माती, सगळं झालं. “सुभेदार,” शेवटी ते म्हणाले, “आपण दोन शब्द बोलावेत.”

“ठीक,” दादा म्हणाला.

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं माझ्याकडं हात पुढं केला, आणि मी त्याला पेन्सिल दिली.