सगळं राइट टाइम

जनार्दनला विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं, की या परीक्षेला त्याच्याइतका नालायक माणूस अख्ख्या जयपुरात सापडला नसता. चौतीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोलमध्ये बसून त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हलवल्या आणि स्वतः पासावर हिंडला. शहरातल्या बसचं तिकीट काढायची वेळ आली की कंडक्टरसमोर परगावच्या पाहुण्यासारखा बावचळायचा.

परीक्षा होती एका नव्या सेवेची. महिन्याचा एकच पास, तोही मोबाइलमध्ये. त्यावर सोसायटीच्या गेटापासून ई-रिक्षा, पुढे बस, लागली तर मेट्रो. सगळ्यांसाठी सुरू करण्याआधी कंपनीला ती मोजक्या लोकांकडून तपासून घ्यायची होती. जगतपुऱ्यात जनार्दन राहायचा त्या सोसायटीतून पाच जण हवे होते. पास फुकट. फक्त कुठे गेलात, किती थांबलात, ते रोज मोबाइलवरच्या डायरीत लिहायचं. गाड्यांवर वेळ नोंदवणारी यंत्रं बसेपर्यंत डायरी हाच पुरावा. फुकट पास म्हटल्यावर रेल्वेवाल्याचा हात आपसूक वर जातो, तसा जनार्दनचाही गेला.

पण खरं कारण वेगळं होतं. मार्चमध्ये त्याने स्कूटरवरून पडून मनगट मोडून घेतलं होतं, तेही रस्त्यात निवांत उभ्या असलेल्या गायीवर जाऊन. गाय जागची हलली नाही, हा पुन्हा वेगळा अपमान. पुण्याहून मुलगा संकल्प धावत आला, स्कूटर विकून टाकली आणि म्हणाला, आता हा फ्लॅटही विका नि आईला घेऊन माझ्याकडे चला. बापाने लेकाच्या अक्षरशः हातापाया पडून महिनाभराची मुदत मागितली. स्कूटरशिवाय आपलं काही अडत नाही हे दाखवून द्यायचं, नाहीतर मुकाट्याने पुणं गाठायचं. संकल्प कबूल झाला आणि जाताना ती डायरी आपल्याही मोबाइलवर दिसेल अशी सोय करून गेला. पोरगा बापाला ओळखून होता.

जयपूर सोडायचा नुसता विचारही जनार्दनला नको व्हायचा. भुसावळहून बदली होऊन आलेलं हे बिऱ्हाड इथेच रुजलं होतं. दर रविवारी सकाळी जवाहर नगरात बळवंतच्या घरी सात-आठ मराठी कुटुंबं बुद्धवंदनेला जमायची. वंदना अर्धा तास, मग पोहे आणि गप्पा दोन तास. त्या दोन तासांवर जनार्दनचा आठवडा निघायचा.

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत येणारी ई-रिक्षा बत्तीस मिनिटांनी आली. जनार्दनने डायरीत लिहिलं, दहा मिनिटं. ही त्याची नोकरीतली खोड. गाडी तीन-चार मिनिटं मागे असली तर चार्टवर उशीर दाखवायला त्याचा हात धजत नसे. पुढे भरून काढेल की, असं म्हणून तो राइट टाइम लिहून मोकळा व्हायचा. इथे तर पुढे भरून निघायला काही नव्हतंच, पण सवय ती सवय. दुसऱ्या दिवशी बस चुकली, लिहिलं राइट टाइम. चौथ्या दिवशी बस आलीच नाही, तरी राइट टाइम.

तिसऱ्या रविवारी तो आणि रत्नमाला, त्याची बायको, मे महिन्याच्या उन्हात गेटापाशी पन्नास मिनिटं उभे राहिले. रत्नमालाचे गुडघे आधीच कुरकुरणारे. शेवटी दोघं तसेच घरी परतले, वंदना चुकली. संध्याकाळी जनार्दनने लिहिलं, ई-रिक्षा नऊ मिनिटांत, बस वेळेवर. रोज दहा लिहिलं तर संशय येईल म्हणून नऊ. एवढी अक्कल त्याने चांगल्या कामाला लावली असती तर कुठल्या कुठे गेला असता. रत्नमालाने ते मागून वाचलं आणि जाऊन गुडघा शेकत बसली. ते त्याला फार लागलं, पण डायरीतला आकडा त्याने बदलला नाही.

महिना संपला. संकल्पचा फोन आला, बाबा, जिंकलात तुम्ही, राहा तिथेच. आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस नंदकिशोर मिठाईचा डबा घेऊन घरी आला. फार खुशीत होता. म्हणाला, अंकलजी, तुमच्या सोसायटीतल्या बाकी चौघांनी आठवड्यात लिहिणं सोडलं, पूर्ण डायरी एकट्या तुमची. तुमच्याकडे अडचण शून्य! जवाहर नगरातून मात्र तक्रारींचा पाऊस पडलाय, म्हणून एक तारखेपासून इथल्या दोन्ही ई-रिक्षा तिकडे हलवतोय.

जनार्दनच्या हातातला पेढा हातातच राहिला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण याने तो महिनाभर रोज तारीख घालून मारला होता. खरं सांगावं तर पुणं, न सांगावं तर घरातच जेल. त्याने रत्नमालाकडे पाहिलं. ती गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसली होती. गेटापर्यंत तरी ती कशाच्या आशेवर जाणार होती आता?

"डायरी खोटी आहे," जनार्दन म्हणाला. "लिहून घ्या."

मग त्याने तीस दिवसांचे खरे आकडे सांगितले, मिनिटासकट. बत्तीस, चाळीस, बस आली नाही, पन्नास, घरी परत. इतकी वर्षं गाड्यांचा उशीर डोक्यात साठवलेला माणूस तो, एकही आकडा अडला नाही. नंदकिशोर एकेक बदलत गेला, चेहरा उतरत गेला. शेवटचा आकडा बदलला तोच पुण्याहून फोन वाजला.

"बाबा, मतलब हे सगळं खरं आहे?"

"खरं आहे. कंपनीवाला समोरच बसलाय. माझी खोटी डायरी बघून इथल्या रिक्षा दुसरीकडे हलवायला निघाला होता, म्हणून सांगून टाकलं."

"पन्नास मिनिटं? उन्हात? मग काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं, मान्य. मी हरलो." जनार्दनने हातातला पेढा परत डब्यात ठेवला. "पण ऐक. इथे मी पन्नास मिनिटं गाडीची वाट बघतो, तर गेटावर चार माणसं भेटतात. तिकडे तू नि सूनबाई सकाळी आठला जाणार, रात्री आठला येणार. बारा तास मी कुणाची वाट बघू?"



"तो कंपनीवाला अजून तिथेच आहे का?" संकल्पने विचारलं.

"आहे."

"त्याला फोन द्या. त्या रिक्षा कशा हलवतो ते बघतो."